सोमवारची चिंधी

आमच्या शाळेत सोमवारी प्रार्थना झाली की चिंध्या वाटल्या जायच्या. जुन्या खादीच्या धोतरांच्या, दोन बोटं रुंद, उकळून वाळवलेल्या, पांढऱ्याशुभ्र. बाई तांब्यातून पाणी ओतत पुढे सरकायच्या. प्रत्येक पोरानं चिंधी भिजवायची, बोटाला गुंडाळायची, वरच्या-खालच्या हिरड्यांवरून फिरवायची आणि हात वर करून दाखवायची. पांढरी राहिली तर बसा खाली. लाल दिसली तर चला बोरिंगवर, म्हणजे हातपंपावर. तिथे मीठ-कोळशाची राखुंडी ठेवलेली असे. ती घेऊन सगळ्या शाळेसमोर हिरड्या चोळत उभं राहायचं, बाई "पुरे" म्हणेपर्यंत.

बाई म्हणजे इंदूबाई भोयर. चौथीचा वर्ग त्यांच्याकडे आणि सगळ्या शाळेची सफाईही त्यांच्याकडेच. आमचं गाव हिंगणीच्या अलीकडे, बोर धरणाच्या रस्त्यावर. मी पुलगावच्या गिरणी कामगाराची मुलगी. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मास्तरकीची पहिलीच नोकरी म्हणून तिथे जाऊन पडले. पहिल्याच सोमवारी हा प्रकार पाहिला आणि मनात म्हटलं, बाप्पा, ही शाळा आहे का कचेरी! गणित चुकलं तर पोरं हसायची, पण त्या फडक्याला अशी भ्यायची की रविवारी संध्याकाळी गावात घरोघर दातून चाललेलं असायचं.

"रक्त म्हणजे आळस," बाई म्हणायच्या. ओरडायच्या नाहीत, हात तर कधीच उगारला नाही. हे एवढे तीन शब्द, तेही तोंड अर्धं वळवून. समोरचं पोर मेल्याहून मेलं होऊन बोरिंगकडे चालायला लागायचं.

सफाई त्यांच्या घरातच होती. वडील ग्रामसफाईसाठी हातात खराटा घेऊन गावोगाव फिरणाऱ्यांपैकी. आमच्या वर्धेकडे तसली माणसं तेव्हा कमी नव्हती. लहानपणी त्यांच्याकडे पाणी प्यायचा गडू उपडा ठेवला नाही तर जेवण मिळत नसे, असं त्या एकदा अभिमानानं सांगत होत्या. पातळ नेहमी पांढरं, काठ निळा. केस असे चापून बसवलेले की वाऱ्यानंसुद्धा हात लावू नये. दिसायला म्हणाल तर बाई फार देखण्या. पण हे कळायला मला बराच वेळ लागला, कारण त्यांचा चेहरा पुरता कधी दिसायचाच नाही. बोलताना पदराचं टोक ओठांशी असायचं. समोर उभ्या राहायच्या नाहीत, कडेला उभ्या राहून खिडकीकडे बघत बोलायच्या. तोंडात सदा लवंग. हसायच्या त्या डोळ्यांनी. हळदीकुंकवाला गेल्या तर खायचं डब्यात घालून घरी आणायच्या. शाळेचा दरवर्षीचा फोटो निघायचा आणि नेमकं त्याच क्षणी बाईंना ठसका लागायचा.

मला आधी वाटलं, शिष्ट आहेत. मग मी त्यांच्याच घराच्या बाजूची खोली भाड्यानं घेतली. आमच्या न्हाण्या एकीला एक लागून होत्या आणि दोन्हींचं पाणी एकाच नालीतून जायचं. एक दिवस पहाटे मी तोंड धुवायला बसले तर नालीतून लाल पाणी येताना दिसलं. पलीकडे बाई दात घासत होत्या. घासत कसल्या, खरवडत होत्या. आधी दातून, मग राखुंडी, मग मीठ आणि सरसूचं तेल, मग कोमट पाण्याच्या चुळा. उजाडेपर्यंत हे चालायचं, आणि निजायच्या आधी परत सगळं पहिल्यापासून. तरी पाणी लालच.

त्यांनी भिंतीवरून वळून पाहिलं. मी नालीकडे बघते आहे हे त्यांना दिसलं. मधल्या सुट्टीत माझ्या टेबलावर दोन लवंगा ठेवून गेल्या, म्हणजे, गप राहा.

आता गंमत ऐका. या बाईंचे यजमान नामदेवराव. भाजीवाले शेतकरी, वांगी-टमाटर पिकवायचे आणि बाजाराला न्यायचे. माणूस दिलदार, पण तोंडाला पाणी लावायचं ते फक्त प्यायला. तंबाखू सकाळी गालात गेली की रात्री निजताना निघायची. दातांवर किटण चढलेलं, पिवळं-काळं, अगदी जुन्या माठाला बसतं तसं. आणि दात? ऊस सोलायला विळा नको. बाजेची नवाराची गाठ दातानं सोडायचे. कवठ फोडायला दगड शोधत नसत, एवढंच सांगायचं राहिलं.

एका रविवारी बाई ओसरीवर बसून चिंध्या फाडत होत्या. नामदेवराव मळ्यातून आले, त्यांना काय लहर आली कोण जाणे, एक चिंधी उचलली, तांब्यात बुडवली आणि चांगली गालापासून गालापर्यंत फिरवून बाईंपुढे धरली. "घ्या मास्तरीणबाई, तपासा! कोनता नंबर येते माहा?"

चिंधी पिवळीजर्द झाली होती, तंबाखूनं. पण लाल टिपूस म्हणाल तर नाही. मी आपली खो खो हसायला लागले, नामदेवरावही हसले. बाईंनी ती चिंधी हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली, उजेडात धरली. मग घडी करून बाजूला ठेवली आणि पुढची फाडायला घेतली. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. नामदेवरावांना कळेचना काय झालं. ते मला विचारतात, "कुसुमताई, मी तं गंमत करून राह्यलो होतो. इले एवढं काऊन लागलं व?"

मी काय सांगणार! जो माणूस वर्षानुवर्षं दाताला हात लावत नाही त्याच्या हिरड्या दगडासारख्या, आणि जी बाई दिवसातून दोनदा तोंड सोलून काढते तिच्या तोंडातून रक्त. दोघं एकाच चुलीवरचं खातात, एकाच विहिरीचं पाणी पितात. बाईंनी याचा एकच अर्थ लावला होता. आपण अजून कमी घासतो.

आणि तोच अर्थ त्यांनी पोरांना लावला. सुमन नावाची मुलगी होती चौथीत, माळ्याची. शहाणी, अक्षर मोत्यासारखं, पण चिंधी दर सोमवारी लाल. तिची आई भाजीची पाटी डोक्यावर घेऊनच शाळेत आली होती एकदा. म्हणाली, "बाई, माही पोट्टी रोज घासते जी. मी सोता उभी राह्यतो. तिले नका उभी करू सर्व्याइपुढं." बाई खिडकीकडे बघत म्हणाल्या, "मग अजून घासायला सांगा." त्या माउलीनं सांगितलं असणार. पुढच्या सोमवारी सुमनची चिंधी आधीपेक्षा लाल. त्याच्या पुढच्या सोमवारी तिनं चिंधी हिरड्यांना लावलीच नाही, दातांवरून वरच्यावर फिरवली. बाईंनी ते बरोबर पकडलं आणि पुन्हा करायला लावलं. पोरगी बोरिंगवर उभी राहून चोळत होती आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं. त्यानंतर ती सोमवारी येईनाशी झाली. मग मंगळवारीही.

माझं डोकं फिरलं. माझा स्वभाव तसा पहिल्यापासून तिखट. मी बाईंना शाळेतच गाठलं आणि म्हटलं, "पोरींना उभं करता, तुमची चिंधी कुठे असते हो सोमवारी?"

बाई पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघून बोलल्या. लवंगेचा वास आला आणि त्याच्यामागचा दुसराही. "कुसुमताई, पोरांची चिंधी सोमवारची. माझी रोजचीच आहे."

त्या स्वतःला रोज बोरिंगवर उभं करत होत्या, म्हणूनच त्यांना वाटायचं, आपण पोरांवर अन्याय करत नाही.

मग वंदनाचं सुरू झालं. वंदना म्हणजे बाईंची एकुलती एक लेक, सातवीत, आईसारखी देखणी आणि बापासारखी बडबडी. ती हसली की शेजारच्या घरातली माणसं उगीच हसायची. एका सोमवारी तिची चिंधी लाल निघाली. सगळी शाळा बाईंकडे बघायला लागली. बाईंचा हात किंचित थांबला, आणि मग लेकीला त्यांनी बोरिंगचा रस्ता दाखवला. त्या दिवसापासून पलीकडच्या न्हाणीत दोघींचं घासणं सुरू झालं. "आई, दुखते व." "दुखू दे. थांबू नको." भिंतीआड बसून मला हे रोज ऐकावं लागायचं.

वर्षभरात वंदनाच्या पुढच्या दातांत फट पडायला लागली. दात लांब दिसायला लागले, म्हणजे हिरडी मागे सरकत होती. बाईंनी तिला एक नवी गोष्ट शिकवली. हसताना तोंडावर हात घ्यायचा. मी ओसरीवरच होते तेव्हा. वंदना बापाच्या कुठल्याशा गोष्टीवर हसली आणि बाई म्हणाल्या, "हात, वंदे." ती विसरायची. "हात." पुन्हा विसरायची. "हात म्हटलं न!" महिनाभरात पोरगी शिकली. मग सांगावं लागेना. हसू यायच्या आधीच हात यायचा, आणि पुढे पुढे नुसताच हात यायचा.

"वर्ध्याला दातांचा डॉक्टर आहे, दाखवा तिला," मी किती वेळा म्हटलं असेल! नामदेवरावही म्हणायचे. बाई टाळायच्या. परीक्षा होऊ द्या, पाऊस उघडू द्या. शेवटी एकदा मी फारच पिच्छा पुरवला तेव्हा खरं काय ते बाहेर आलं. शाळा सुटली होती, वर्गात आम्ही दोघीच.

"तो पोरीचं तोंड पाह्यन, आन मंग म्हणन, आई, आता तुमी उघडा. मी उघडीन तं त्याले काय दिसन? जिनं सगळ्या गावाले सफाई शिकवली तिच्याच तोंडात उकिरडा." एरवी शाळेत शुद्ध बोलणाऱ्या बाई घरच्या बोलीत बोलत होत्या. "आन पोरीले काय सांगू? तुह्या आईनंच तुले आळशी ठरवलं म्हनून?"

मला राग आला आणि रडूही आलं. एवढी हुशार बाई, स्वतःच बांधलेल्या कोठडीत बसली होती. लेकीलाही आत ओढलं होतं, आणि कडी आतूनच लावलेली. पोरीचे दात जाणार हे मला दिसत होतं, बापाला दिसत होतं, बाईंना तर सगळ्यात जास्त दिसत होतं. पण डॉक्टरकडे जाणं म्हणजे कबुली देणं.

शेवटी एका पेरूनं निकाल लावला. हिवाळ्याचे दिवस होते. वंदनानं मळ्यातला कच्चा पेरू चावला आणि खालचा पुढचा एक दात पेरूत राहिला. किडलेला नाही, काळा नाही. पांढरा, स्वच्छ, अख्खा दात. बाई तो तळहातावर घेऊन कितीतरी वेळ बसल्या होत्या. मग उठल्या, पातळ बदललं आणि मला म्हणाल्या, "चला."

सेलूवरून वर्ध्याची एस.टी. धरली. वर्ध्याला आम्ही तिघी थेट दवाखान्यात गेलो. डॉक्टर वयस्क होते, जाड भिंगांचा चष्मा, बोलणं अर्धं हिंदी. त्यांनी वंदनाचं तोंड पाहिलं, दात एकेक हलवून पाहिला आणि नेमकं तेच म्हणाले, "आई, आता तुम्ही बसा."

बाई खुर्चीत बसल्या. पदर सोडला. त्यांचं तोंड मी पहिल्यांदा पुरतं उघडं पाहिलं आणि मान फिरवली. डॉक्टरांनी आरसा फिरवला, हं हं करत राहिले. "कशानं घासता?" बाईंनी सगळं सांगितलं, दातूनपासून चुळांपर्यंत, गुन्हा कबूल करावा तसं. "तरी कमी पडतं, डॉक्टरसाहेब."

"कमी? अहो बाई, इतना घासलंय की हिरडी सोलून निघाली! हे आधी बंद करा. मऊ ब्रश घ्या, हलक्या हातानं करा." मग ते स्टूल ओढून समोर बसले. "ऐका. किटण सगळ्यांच्याच दातांवर बसतं. राजाच्याही आणि भिकाऱ्याच्याही. पण हिरड्या सगळ्यांच्या एकसारख्या नसतात. कोणाच्या हिरडीवर ढीगभर किटण बसलं तरी ती पडून राहते, तिला काही फिकीर नाही. कोणाची हिरडी एवढ्याशानं पेटून उठते. शरीर त्या किटणाशी भांडायला धावतं, आणि त्या भांडणात दाताला धरणारं हाडच झिजून जातं. तुमची दोघींची हिरडी या दुसऱ्या जातीची."

"पण काऊन?" बाईंनी विचारलं.

"काही घराण्यांत चालत येतं, एवढं दिसतं. बाकी का, ते आम्हालाही अजून पुरतं कळलेलं नाही. तुम्हाला साफसफाई इतरांपेक्षा जास्त लागणार हे खरं. दर तीन महिन्यांनी इथे येऊन हिरडीखालचं किटण काढून घ्यावं लागेल. ते घरी निघत नाही, कितीही खरवडा. पण यात तुमचा कसूर नाही."

"म्हणजे आळस नाही?"

"कसला आळस!"

मला वाटलं, आता बाई रडतील. इतक्या वर्षांचं ओझं उतरलं म्हणून. मी पिशवीतून रुमालसुद्धा काढला. पण त्यांचा चेहरा पांढराफटक झाला होता. त्यांनी खुर्चीचे हात घट्ट धरले आणि अगदी हळू विचारलं, "मग सुमनचा?"

डॉक्टरांना कोण सुमन हे कुठून माहीत? ते वंदनाच्या दातांना तार बांधायची तयारी करायला लागले. परतीच्या गाडीत बाई खिडकीशी बसल्या होत्या. वंदना माझ्या खांद्यावर झोपली होती. सेलू जवळ आलं. मग म्हणाल्या, "मी घाण ठरली असती तं बरं झालं असतं, कुसुमताई. मंग पोट्ट्याइले उभं केलं थे तरी खरं ठरलं असतं."

एका कोठडीचं दार उघडलं ते दुसरीतच उघडलं, असं झालं त्यांचं.

पुढच्या सोमवारी प्रार्थना झाली. पोरं रांगेत हात पुढे करून उभी, चिंधीची वाट बघत. बाईंनी एकच चिंधी आणली होती. ती भिजवली, बोटाला गुंडाळली आणि सगळ्यांसमोर स्वतःच्या हिरड्यांवरून फिरवली. हात वर केला. चिंधी लालभडक.

"ही माझी," त्या म्हणाल्या. पदर खांद्यावर होता, तोंडावर नव्हता. "मी रोज दोनदा घासते. तरी ही अशी आहे. रक्त म्हणजे आळस, असं मी तुम्हाला शिकवलं. ते चूक होतं. घासायचं सगळ्यांनी. पण ज्याच्या हिरडीतून रक्त येतं तो घाणेरडा नाही. त्याला डॉक्टरकडे न्यायचं, बोरिंगवर नाही."

एखाद्या गोष्टीत असतं तसं काही झालं नाही बरं का. टाळ्या नाहीत की डोळ्यांत पाणी नाही. मोठी पोरं खाली बघून खुसखुसली, पहिलीतलं एक पोर "बाई मरून राह्यल्या" म्हणून भोकाड पसरून रडायला लागलं, आणि हेडमास्तरांनी घाबरून घंटा दिली. चिंध्या बंद झाल्या. राखुंडीचा डबा बाईंनी स्वतः उचलून नेला.

शाळा सुटल्यावर त्या सुमनच्या मळ्यात गेल्या. मला सोबत घेतलं. सुमन वांगी तोडत होती. ओढणी नाकापर्यंत बांधलेली, डोळे तेवढे दिसत होते. बाईंना पाहून ती वाफ्यातच उभी राहिली, हात मागे घेऊन, रांगेत उभी असल्यासारखी.

"बाई, मी घासत होती," ती म्हणाली. दुसरं काही नाही.

"हो व माय," बाई म्हणाल्या. "तू घासत होती. मले माहीत आहे."

तिला शाळेत धाडा म्हणून बाईंनी तिच्या आईचे हात धरले. आई म्हणाली, "आता राहू द्या जी. कामाले लागली थे. एवढं काय शिकून करते?" डॉक्टरकडे न्यायलाही बाप तयार होईना. दातासाठी कोणी वर्ध्याला जाते का, म्हणाला. बाई दर आठवड्याला त्या मळ्यावर जात राहिल्या. वर्षभरानं कधीतरी तो माणूस विरघळला आणि वंदनाबरोबर सुमनही वर्ध्याला जायला लागली. तोवर तिचे समोरचे दोन दात गेले होते. शाळेत मात्र ती परत आली नाही. बाईंनी त्यानंतर कुठल्याही पोराला कशासाठीही उभं केलं नाही. नखं वाढली म्हणूनसुद्धा नाही. मीच कधी पोरांवर ओरडले तर त्या वर्गाच्या दाराशी येऊन नुसत्या उभ्या राहायच्या, आणि माझा आवाज आपोआप खाली यायचा.

त्यांचे स्वतःचे दात एकेक करून गेले. त्यांना उशीर झालेला होता. पुढे माझी बदली पुलगावला झाली आणि भेटी कमी झाल्या.

शेवटचं पाहिलं ते ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस, वर्ध्याच्या बसस्टँडवर. हिंगणीच्या गाडीत खिडकीशी वंदना, बाजूला बाई. डॉक्टरकडून परतत होत्या, अजूनही दर तीन महिन्यांनी. वंदनाचं लग्न झालेलं, मांडीवर पोरगी. बाईंनी कवळी बसवली होती. मला पाहून त्या सगळं तोंड उघडून हसल्या. तेवढ्या वर्षांत पहिल्यांदा मी त्यांचं हसू पाहिलं, आणि दात नेमके त्यांचे नव्हते. "पोरीचे सगळे टिकले, कुसुमताई!" त्या मोठ्यानं म्हणाल्या. "तो पेरूतला एक सोडला तं सगळे! दाखव व वंदे."

वंदना लाजून हसली. हसली आणि हात तोंडावर गेला.

बाईंनी तिचं मनगट धरून हात खाली घेतला. वंदनाच्या तोंडात चांगले सरळ, पांढरे दात होते. गाडी सुरू झाली. मी हात हलवला, वंदनानं हसून मान हलवली आणि तिचा हात पुन्हा वर आला. बाईंनी तो पुन्हा खाली घेतला. गाडी स्टँडच्या फाटकातून वळेपर्यंत मला दिसत होतं. लेकीचा हात वर जायचा, आणि आई तो खाली घ्यायची.